टस्कनीच्या टेकड्यांत सायकलसाठी शांत रस्ता कसा शोधावा

आपल्याकडे गावाला बायपास झाला की जुन्या रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्या ओस पडतात. टपरीवाल्याचं नुकसान, पण सायकलवाल्याची चंगळ. इटलीच्या टस्कनी प्रांतात हेच घडलंय, तेही जिल्हेच्या जिल्हे भरून. तिथली जुनी गावं टेकड्यांच्या माथ्यावर वसलेली, कारण खालची खोरी अनेक ठिकाणी दलदलीची आणि हिवतापाची होती. साहजिकच रस्तेही माथ्यामाथ्याने गेले. पुढे खोरी कोरडी झाली, खालून सरळ, रुंद रस्ते आले आणि ट्रक तिकडे वळले. वरचे रस्ते ट्रॅक्टरला, द्राक्षमळ्यांच्या छोट्या गाड्यांना आणि आपल्याला उरले.

म्हणून टस्कनीत शांत रस्ता शोधताना आधी गजबजलेला रस्ता शोधायचा आणि मग त्याच्या आसपासचा म्हातारा रस्ता.

पहिली पायरी: नकाशा उलटा वाचा

फोनवरचा नकाशा बाजूला ठेवा आणि १:२,००,००० प्रमाणातला छापील नकाशा पसरा. मिशलँ कंपनीचा चालतो, तूरिंग क्लब इतालियानो या संस्थेचाही. लाल आणि जाड रेघा सोडून द्या. मिशलँच्या नकाशावर काही रस्त्यांच्या कडेला हिरवी रेघ असते, म्हणजे तो रस्ता देखणा. रस्त्यावरच छोटे बाण असतील तर तिथे चढ तीव्र. एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून जास्त. हिरवी कड, पिवळा किंवा पांढरा रस्ता आणि एखाद-दुसरा बाण असं जिथे जुळून येतं, तिथे पेन्सिलीने खूण करा.

रस्त्यांची नावंही बोलकी असतात. एस.एस. म्हणजे राष्ट्रीय, एस.आर. म्हणजे प्रांताचा, एस.पी. म्हणजे जिल्ह्याचा रस्ता. आपलं काम एस.पी.वर. हिरव्या पाट्यांचा आउतोस्त्रादा, म्हणजे द्रुतगती महामार्ग, सायकलला बंद असतो हे बहुतेकांना ठाऊक असतं. फसगत होते ती सिएना-फ्लोरेन्ससारख्या चौपदरी रस्त्यांवर, कारण त्यांच्या पाट्या निळ्या असतात आणि तरी सायकलला मनाई असते.

देखणा रस्ता शांत असेलच असं मात्र नाही. सिएना आणि फ्लोरेन्सच्या मधल्या कियांती भागातून जाणारा एस.आर. २२२ फोटोत अप्रतिम दिसतो, पण सुट्टीच्या दिवशी तिथे मोटारसायकलींची रांग लागते. त्यावर मंगळवारी सकाळी जा, नाहीतर जाऊच नका. याउलट जुनी कास्सिया. रोमकडे जाणारा हा प्राचीन मार्ग पूर्वी रादिकोफानीच्या गढीखालून, सुमारे ८०० मीटर उंचीवरून जायचा. आताची कास्सिया खाली पाल्या नदीच्या खोऱ्यातून जाते, त्यामुळे वरच्या रस्त्यावर चेनचा आवाज ऐकू येतो.

चढाचा हिशेब

पुण्याचा सायकलवाला म्हणेल, सिंहगड चढतो मी, टस्कनीच्या टेकड्यांचं काय कौतुक? कौतुक नाही, पण फरक आहे. सिंहगड एकदाच चढायचा असतो. इथे दोन किलोमीटर चढ, दीड उतार, पुन्हा चढ, असं दिवसभर चालतं. एकही चढ मोठा नसतो, पण संध्याकाळी मांड्या भरून येतात. माझा अंदाज असा: १०० किलोमीटरमागे १,००० मीटर चढ असेल तर दिवस मजेत जातो, १,५०० मीटर झाला की मुक्कामाला पोचून कुणाशी बोलावंसं वाटत नाही. सायकल भाड्याने घेताना दुकानदाराला मागच्या चाकाला ३२ किंवा ३४ दात्यांचा गिअर आहे का, एवढंच विचारा. ब्रेकही तपासा. तिथे पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो आणि उताराच्या पहिल्या वळणावर हे कळणं बरं नव्हे.

पांढऱ्या रस्त्यांवर जायचं का?

टस्कनीत डांबर न घातलेले, खडीचे पांढरे रस्ते अजून शाबूत आहेत. त्यांना ‘स्त्रादे बियांके’ म्हणतात. हे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून १९९७ साली कियांतीतल्या गायोले गावातून ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. पहिल्या वर्षी ९२ जण होते. आज त्याच मार्गावर कायमच्या पाट्या आहेत, सुमारे २०९ किलोमीटरच्या, आणि वर्षभरात कधीही त्या पाट्या धरून हवा तेवढा तुकडा करता येतो. नवख्या माणसाला मार्ग आखायचा सगळ्यात सोपा उपाय हाच. ‘स्त्रादे बियांके’ नावाची व्यावसायिक शर्यतही २००७ साली सुरू झाली. ती आता मार्चच्या सुरुवातीला होते आणि सिएनाच्या कांपो चौकात संपते.

टायर निदान २८ मिलिमीटरचे हवेत, ३२ असतील तर आणखी बरं. आणि पाऊस पडून गेला असेल तर सिएनाच्या दक्षिणेचे पांढरे रस्ते त्या दिवशी विसरा. त्या भागाचं नावच ‘क्रेते’, म्हणजे चिकणमाती. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात सायकल घातली की चाक आणि ब्रेक यांच्यात माती लिंपून चाक फिरेनासं होतं, इथेही तेच, फक्त माती राखाडी.

कधी जावं

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य. मे महिन्यात क्रेतेच्या टेकड्या गव्हाने हिरव्यागार असतात, सप्टेंबरात नांगरून पडलेल्या. मला दुसरं रूप जास्त आवडतं, पण हे ज्याच्या त्याच्या आवडीवर. ऑगस्टात ऊनही जाळतं आणि १५ ऑगस्टच्या आसपास दुकानांना कुलपं असतात.

शरद ऋतूत एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिसऱ्या रविवारी, सप्टेंबरात, शिकारीचा हंगाम उघडतो आणि पुढे रानडुकराच्या हाक्याच्या पाट्या रस्त्याकडेला लागतात. पाटीवर ‘काच्चा आल चिंग्याले’ असं दिसलं तर त्या रानातल्या पायवाटेने जाऊ नका, रस्ता सोडू नका. मंगळवारी आणि शुक्रवारी इटलीत कायद्याने शिकार बंद असते. आडवाटेचा बेत त्या दोन दिवसांवर ठेवावा.

एक दिवस करून पाहा: सिएना ते बुओनकोन्व्हेंतो

सुमारे ४५ किलोमीटर. सिएनाहून निघून ताव्हेर्ने दार्बियापर्यंतचे पहिले सहा-सात किलोमीटर उपनगरातले, रटाळ. तिथून एस.पी. ४३८ धरा. याला लाउरेताना म्हणतात. पाच-दहा मिनिटांत घरं संपतात, झाडं संपतात, आणि रस्ता टेकडीच्या कण्यावरून, दोन्ही बाजूंना उतरत गेलेल्या शेतांमधून जाऊ लागतो. सावली जवळजवळ नाही, म्हणून पाणी सिएनातच भरून घ्या. वाटेत नळ दिसला तर पाटी वाचा. ‘पोताबिले’ म्हणजे पिण्याचं पाणी, त्याच्या आधी ‘नोन’ असेल तर फक्त तोंड धुवायला.

आशानोला दुपारी एकच्या आत पोचा. एक ते चारच्या दरम्यान गावातली किराणा दुकानं बंद होतात. पेकोरीनो चीज घालून पाव मागा. तिथल्या पावात मीठ नसतं. पहिला घास बेचव लागतो, चीजबरोबर ते जमून जातं. शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही: हाताने वळलेल्या जाड शेवयांसारखी ‘पीची’ लसूण-टोमॅटोच्या रश्श्यात जागोजागी मिळते.

याच आशानोबाहेर मी फोटो काढायला थांबलो आणि पुन्हा निघालो तो डाव्या बाजूने. रस्ता इतका रिकामा की दोन वळणं काही कळलंच नाही. तिसऱ्या वळणावर समोरून पावाची व्हॅन आली. चालकाने गाडी थांबवली, काच खाली केली, शिवी दिली नाही, फक्त बोटाने पलीकडची बाजू दाखवली. गर्दीच्या रस्त्यावर ही चूक होत नाही, रिकाम्या रस्त्यावर होते. तेव्हापासून परदेशात हँडलच्या उजव्या टोकाला लाल चिकटपट्टी लावतो आणि दर थांब्यानंतर तिच्याकडे बघून पायडल मारतो.

आशानोहून एस.पी. ४५१ चढत मोंते ओलिव्हेतो माज्जोरेच्या मठाकडे जातो. १३१३ साली स्थापन झालेला हा विटांचा मठ सरूच्या दाट झाडीत लपलाय. आतल्या चौकाच्या भिंतींवर सिन्योरेल्ली आणि सोदोमा यांनी संत बेनेडिक्टचं चरित्र रंगवलंय. सायकलची चड्डी घालून आत जाऊ नये, पिशवीत एक पातळ पँट असू द्या. मठही दुपारी बंद असतो, तेव्हा घाई करू नका, सावलीत पडा. पुढे बुओनकोन्व्हेंतोपर्यंत बराचसा उतार.

कायद्याच्या दोनच गोष्टी. गावाबाहेर एकामागोमाग एक चालवायचं, गप्पा मारत शेजारी शेजारी नाही. आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, तसंच बोगद्यात, चमकणारं जॅकेट सक्तीचं. मेंढ्यांचा कळप दिसला तर आधी पांढरा केसाळ कुत्रा कुठे आहे ते पाहा. कळप सांभाळणारे मारेम्मानो कुत्रे धावत्या सायकलवर भडकतात. उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, सावकाश चालत पुढे व्हा.

परतीला बुओनकोन्व्हेंतोहून सिएनाची लोकल गाडी आहे. रस्त्याने परत यायचं तर आताच्या कास्सियावरच्या ट्रकांशी गाठ पडेल, म्हणून गाडीच बरी. वेळापत्रकात सायकलचं चिन्ह असलेली गाडी निवडा, सायकलचं वेगळं तिकीट काढा, आणि कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या. गाड्या दिवसाला मोजक्याच. ‘फेरियाले’ वाचून सुट्टीचा दिवस समजू नका, त्याचा अर्थ कामाचा दिवस, शनिवार धरून. रविवारची गाडी ‘फेस्तिव्हो’खाली शोधायची. आणि सिएनाचं स्टेशन खाली, शहर वर टेकडीवर आहे, तेव्हा मांड्यांत थोडा जीव शिल्लक ठेवा.