वजन बरोबर, साखर मात्र काठावर : आहार बदलण्याआधीची तयारी

पहिलं काम स्वयंपाकघरात नाही, रिपोर्टात आहे. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ५.७ ते ६.४ टक्के किंवा उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ (मिग्रॅ/डेसिलिटर) म्हणजे प्रीडायबिटीस, मधुमेहाच्या आधीची पायरी. पण त्याच वेळी हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि बी१२ही तपासून घ्यावं. अंगात लोह कमी असेल तर एचबीए१सी असायला हवं त्यापेक्षा जास्त दिसू शकतं. शंका राहिली तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांची चाचणी करून घ्यावी, आणि तीही भात-पोळी कमी करण्यापूर्वी. चाचणीआधीचे तीन दिवस जेवण नेहमीसारखं हवं, नाहीतर आकडा उगाच फुगतो. खूप तहान लागत असेल, रात्री वारंवार लघवीला उठावं लागत असेल किंवा न ठरवता वजन उतरत असेल, तर ही यादी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावं.

मग टेप घ्या. पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या आत हवा. वजनकाटा इथे फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापं छापली होती : दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण अंगातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१. घेर हद्दीबाहेर असेल तर दोन-तीन किलो उतरले तरी चालेल. घेर आत असेल तर वजन टिकवायचं आहे, म्हणून आजचं वजन वहीत लिहून ठेवा.

कारण नेहमीची चूक हीच : भात निम्मा केला आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही. महिन्याभरात गाल बसतात, थकवा येतो आणि स्नायू झिजतात. जेवणानंतरची साखर साठवून घेण्याचं मोठं काम स्नायूच करतात. दिवसाला ८० ग्रॅम तांदूळ कमी केला तर साधारण २८० कॅलरी जातात. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे आणि दोन छोटे चमचे तेल यांनी ती तूट जवळजवळ भरून निघते.

स्वयंपाकघरातला वजनकाटा आणाच. ‘पोळी सोडली, आता दोन भाकऱ्या खातो’ हे ऐकायला बरं वाटतं. पण ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत कर्बोदकं ४० ग्रॅमच्या आसपास असतात आणि २५ ग्रॅम पिठाच्या फुलक्यात १७-१८. तेव्हा एका जेवणाला एक भाकरी किंवा दोन फुलके. भात हवा असेल तर छोटी वाटी, आणि तेवढ्यापुरता एक फुलका कमी. कोशिंबीर आणि उसळ आधी खा, भाकरी-भात मागून. ताट तेच असलं तरी साखर कमी चढते.

प्रथिनांचा हिशोब किलोमागे १ ग्रॅम धरा (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून). ६० किलोच्या शाकाहारी माणसाला ४० ग्रॅम मटकीची उसळ, ३० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, ३० ग्रॅम सोयाबीन वड्या, २०० ग्रॅम दही, ते मूठभर शेंगदाणे आणि धान्यातून मिळतं ते, एवढ्यात भागतं. पातळ वरणाच्या भरवशावर भागत नाही. म्हणून रविवारी मटकी आणि मूग भिजवून मोड आणून ठेवा, शेंगदाणे भाजून डबा भरा, जवसाची चटणी कुटा. मूगडाळ आदल्या रात्री भिजवली की सकाळी धिरडी होतात. पोहे हवेतच? मग पोहे निम्मे, आणि मटार, दाणे, सोबत उकडलेलं अंडं किंवा दही.

चहाची साखर मोजा : चार कप, दोन-दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅमच्या घरात. गुळाने यात काही फरक पडत नाही. नाचणी चांगली, पण पातळ खीर करून प्यायली की भराभर पचते. तिची भाकरी बरी. उपवासाला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्या दिवसासाठी राजगिऱ्याचं पीठ, दही आणि शेंगदाण्याच्या आमटीचं सामान आधीच भरून ठेवा.

ग्लुकोमीटर रोज टोचण्यासाठी नाही, पदार्थ पारखण्यासाठी आहे. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा मोजा. हात धुऊन पुसा. आंबा कापलेल्या बोटावर आकडा हमखास चढा येतो. दोन तासांनी १४० च्या वर गेलं तर तोच पदार्थ पुढच्या वेळी निम्मा घेऊन पुन्हा पाहा.

जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांच्या शतपावलीसाठी चपला दाराशी ठेवा आणि आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, जोर यांची वेळ ठरवा. वजन दर रविवारी सकाळी, उपाशीपोटी. सलग दोन आठवडे ते घसरलं तर आधी दाणे, पनीर, अंडी वाढवायची. पुढच्या एचबीए१सीची तारीख तीन महिन्यांनंतरची, त्याच लॅबमध्ये. ती आजच कॅलेंडरवर लिहा.