डोनर सेल्स ‘लपवताना’ या चुका टाळा

दर सहा महिन्यांनी महाप्याच्या आमच्या लॅबमधे नवी पोरं येतात आणि त्याच त्या चुका करतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. दुसऱ्या माणसाच्या सेल्स पेशंटला द्यायच्या आणि पेशंटच्या इम्यून सिस्टिमने त्या मारून टाकायच्या नाहीत, एवढाच विषय. आपल्याकडे २०२३ मधे मंजूर झालेली नेक्सकार१९ ही कॅन्सरवरची सेल थेरपी पेशंटच्याच टी सेल्सपासून (इम्यून सिस्टिमच्या पेशी) बनते, त्यामुळे तिथे ही भानगड नाही.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे बी-टू-एम उडवलं की झालं. हा जीन क्रिस्पर या जीन कापणाऱ्या कात्रीने तोडला की सेलवरचा एचएलए क्लास वन (सेलचं ओळखपत्र असलेलं प्रोटीन) जातो, किलर टी सेल्सना काही दिसत नाही आणि फ्लोचा (सेलवरची प्रोटीन मोजणारं मशीन) पीक डावीकडे सरकलेला, म्हणजे क्लास वन गेलेला बघून पोरं पार्टी मागतात. अरे पण एनके, म्हणजे नॅचरल किलर सेल्स? त्यांचं उलटं असतं, क्लास वन दिसला नाही की मारा. उंदरांच्या ट्यूमर सेल्सवर हे १९८६ मधेच दाखवून झालंय.

मागच्या पावसाळ्यात एकाने स्लाइड दाखवली की आमच्या बी-टू-एम नसलेल्या सेल्सना एनके हातसुद्धा लावत नाहीत. मी पण घाईत होते, बरं म्हटलं आणि एनकेंना थोपवणारं एचएलए-ई प्रोटीन सेलवर बसवायच्या डीएनएची (कन्स्ट्रक्ट) ऑर्डर थांबवली. आठवड्याने सहज विचारलं, एनके फ्रीजरमधून काढून थॉ कधी केले होते रे? “त्याच दिवशी मॅडम, ठाणे-वाशी लोकल लेट होती ना, साडेदहाला थॉ केले, अकराला प्लेट लावली.” आणि के-५६२? “प्लेटमधे जागा नव्हती.” डोक्याला हात लावला. के-५६२ म्हणजे लॅबमधे वाढवलेल्या ब्लड कॅन्सरच्या सेल्स, त्यांच्यावर क्लास वन जवळपास नसतोच, एनके त्यांना फाडून खातात, तेच मेले नाहीत तर गडबड तुमच्या एनकेमधे आहे. फ्रीजरमधून काढलेले एनके जिवंत दिसतात पण लगेच मारत नाहीत. रात्रभर आयएल-२ मधे (एनकेंना चेतवणारं प्रोटीन) ठेवले, सकाळी के-५६२ सकट परत लावलं, आमच्या ‘सेफ’ सेल्स निम्म्याहून जास्त साफ!

तेव्हापासून के-५६२ नसलेली प्लेट मी बघतच नाही, आणि एनके किमान तीन डोनरचे लागतात. एचएलए-ई बसवलं तरी ते फक्त एनकेजी२ए हा रिसेप्टर असलेल्या एनकेंना थोपवतं, बाकीचे मारतातच, आणि हे प्रमाण माणसागणिक बदलतं. एका डोनरवरचा रिझल्ट म्हणजे नशीब.

एचएलए-ई बसवल्यावर अजून एक घोळ. क्लास वनची ती नेहमीची डब्ल्यू६/३२ अँटीबॉडी एचएलए-ईला पण चिकटते, मग ‘नॉकआउट फेल’ म्हणून रडारड. डोनरचा एचएलए टाइप ए-टू असेल तर ए-टूची वेगळी अँटीबॉडी वापरा की.

आयपीएससीवर (साध्या सेल्सपासून बनवलेल्या स्टेम सेल्स) मुळातच एचएलए कमी असतो, तेव्हा एचएलए वाढवणारं इंटरफेरॉन गॅमा देऊन दोन दिवस थांबा, मगच नॉकआउट झालं म्हणा. हे दोन दिवस कोणालाच नको असतात.

एचएलए क्लास टू विसरू नका, तो चालू ठेवणारा सीआयआयटीए जीन पण उडवा. २०२५ मधे छापून आलेल्या स्वीडनच्या टाइप वन डायबिटीसच्या केसमधे हाताच्या स्नायूत डोनरच्या आयलेट (इन्सुलिन बनवणाऱ्या) सेल्स घातल्या, इम्यूनोसप्रेशन न देता, त्यात बी-टू-एम आणि सीआयआयटीए दोन्ही बंद होते आणि वर सीडी४७ हे ‘मला खाऊ नका’ सांगणारं प्रोटीन वाढवलेलं.

डोनरच्या टी सेल्स देणार असाल तर ट्रॅक (टी सेलच्या रिसेप्टरचा, म्हणजे टीसीआरचा जीन) उडवून उरलेल्या टीसीआरवाल्या सेल्स काढून टाका, नाहीतर त्याच पेशंटवर उलटतील. पण ट्रॅक, बी-टू-एम, सीआयआयटीए एकाच दिवशी कापले तर १४, १५, १६ या क्रोमोसोमचे तुकडे एकमेकांना जोडले जाऊ शकतात, ते तपासा.

एनएसजी जातीच्या उंदरात सेल्स टिकल्या हे मला सांगायला येऊ नका, त्यांच्यात टी, बी, एनके काहीच नसतं, रिजेक्ट करणार कोण?

आणि आयलेट वगैरे देणार असाल तर ब्लड ग्रुप जुळवा, एचएलए उडवला म्हणून एबीओ जात नाही. ब्लड ग्रुपचं काय, हा प्रश्न मला एकदा पोस्टरसमोर एका ब्लड बँकवाल्या काकांनी विचारला होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.