विमानतळ विस्ताराचा आर्थिक हिशेब कसा मांडावा: मोपा आणि दाबोळीच्या संदर्भात

विमानतळाचा विस्तार जाहीर झाला की अपेक्षित प्रवासी आणि रोजगार यांचे आकडे लगेच पुढे येतात. त्यांपैकी गोव्याच्या, आणि त्यातही पेडणे किंवा मुरगाव तालुक्याच्या पदरात नेमके काय पडते, हे मात्र वेगळे काढावे लागते. पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून 5 जानेवारी 2023 रोजी वाहतूक सुरू झाली आणि मुरगाव तालुक्यातील, नौदलाच्या तळावरील दाबोळीही चालूच राहिली, त्यामुळे गोव्यात हा हिशेब अधिक गुंतागुंतीचा होतो.

सर्वप्रथम तुलनेचा आधार ठरवावा. विस्तारापूर्वीच्या आणि नंतरच्या आकड्यांतील सगळा फरक विस्तारामुळेच पडला असे धरू नये; विस्तार झालाच नसता तर काय घडले असते, त्याच्याशी तुलना करावी. केवळ मोपाची वाढ मोजल्यास दाबोळीहून तेथे हललेली उड्डाणेही नवी ठरतात, म्हणून भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या मासिक आकडेवारीतून दोन्ही विमानतळांची बेरीज घ्यावी आणि मालिका कोविडपूर्व वर्षांपासून सुरू करावी. या आकडेवारीत येणारे आणि जाणारे असे दोन्ही प्रवासी धरलेले असतात. समजा, मोपाची वाढ 10 लाख आहे आणि त्यांतील 4 लाख प्रवासी दाबोळीहून वळलेले आहेत. तर उरलेल्या 6 लाखांचे प्रत्यक्ष पाहुणे जास्तीत जास्त 3 लाख भरतात. त्यांतूनही गावी ये-जा करणारे गोवेकर, सिंधुदुर्गाकडे जाणारे प्रवासी आणि एरवी कोकण रेल्वेने आलेच असते असे पर्यटक वजा करावे लागतात. (प्रकल्प अहवालात ही वजाबाकी केलेली नसेल, तर पुढील कोष्टके वाचण्याची घाई करू नये.)

उरलेल्या पाहुण्यांचा खर्च पाहणीतून काढावा. ही पाहणी पर्यटन हंगामात एकदा आणि पावसाळ्यात एकदा व्हावी. खर्चाचा प्रत्येक भाग शेवटी कोणाकडे जातो, हे विचारणे आवश्यक आहे. हॉटेलचा मालक राज्याबाहेरचा असेल तर नफा बाहेर जातो. कामगार बांदा किंवा सावंतवाडीहून रोज येत असेल तर त्याच्या मजुरीचा मोठा भाग तिकडे खर्च होतो. स्थानिक टॅक्सीचालकाचे भाडे मात्र बऱ्याच अंशी तालुक्यात राहते, म्हणून टॅक्सी परवान्यांचा वाद हा अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे. रोजगार मोजताना कायम, कंत्राटी आणि हंगामी नोकऱ्या स्वतंत्र दाखवाव्यात.

महसुलाच्या बाजूला केंद्र, राज्य, पंचायत आणि चालवणारी कंपनी अशी चार खाती वेगळी ठेवावीत. हॉटेलच्या खोलीवरील वस्तू व सेवा कर मालमत्ता जेथे आहे तेथे लागतो, म्हणून त्यातील राज्याचा हिस्सा गोव्याला मिळतो. या करासाठी नोंदणी नसलेल्या ग्राहकाच्या देशांतर्गत विमान तिकिटाच्या बाबतीत प्रवास जेथून सुरू होतो ते राज्य धरले जाते आणि परतीचा प्रवास स्वतंत्र मोजला जातो. त्यामुळे मुंबई-गोवा-मुंबई तिकिटातील केवळ परतीच्या टप्प्यावर गोव्याचा हक्क पोहोचतो. विमान इंधन वस्तू व सेवा कराबाहेर असून त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर आहे. मात्र उड्डाणे आकर्षित करण्यासाठी हा दर उतरवला असल्यास बुडालेला महसूल खर्चात दाखवावा. कंपन्यांचा प्राप्तिकर केंद्राकडे जातो, आणि पंधराव्या वित्त आयोगाने वाटपयोग्य करांच्या (केंद्राने गोळा करून राज्यांशी वाटून घ्यायच्या करांच्या) राज्यांना द्यावयाच्या हिश्शात गोव्याचा वाटा 0.386 टक्के ठरवला होता. तेव्हा या करातून गोव्याला फारसे काही मिळेल असे गृहीत धरू नये. प्रवाशांकडून घेतले जाणारे वापरकर्ता विकास शुल्क हा कर नसून विमानतळ चालकाचे उत्पन्न आहे.

मोपासाठी निविदेत चालवणाऱ्या कंपनीकडून राज्याला 36.99 टक्के महसूल हिस्सा देऊ करण्यात आला होता. हा हिस्सा कोणत्या उत्पन्नावर आणि कोणत्या तारखेपासून देय आहे, हे मूळ करारातून आणि नंतरच्या मंत्रिमंडळ निर्णयांतून तपासावे, कारण काही वर्षांचा विलंबही रकमेचे आजचे मूल्य बरेच घटवतो. सवलतीचा करार, म्हणजे विमानतळ बांधून चालवण्याचा हक्क कंपनीला देणारा करार, 40 वर्षांचा असल्याने राज्य सरकारच्या कर्जरोख्यांच्या व्याजदराने सर्व रकमा आजच्या मूल्यात आणाव्यात. त्यासमोर भूसंपादन, न्यायालयांनी वाढवलेली नुकसानभरपाई, जोडरस्ता, पाणी, वीज आणि पोलीस यांवरील सरकारी खर्च मांडावा. पेडण्यात जमिनीचे व्यवहार वाढल्याने मिळणारे मुद्रांक शुल्क दरवर्षी तसेच येईल असे धरू नये.

पंचायतीचे खाते सर्वांत लहान असले तरी ते सर्वांत बारकाईने तपासावे. मोपा परिसरातील पंचायतींची घरपट्टी, बांधकाम परवाना शुल्क आणि व्यापार परवाना शुल्क यांची विस्तारापूर्वीच्या व नंतरच्या वर्षांची आकडेवारी माहिती अधिकाराखाली मागवून घ्यावी. त्यांच्यासमोर कचरा उचलणे, पथदिवे आणि अंतर्गत रस्ते यांचा वाढीव खर्च लिहावा. विमानतळाच्या कुंपणाआतील इमारतींवर पंचायतीला घरपट्टी आकारता येते का आणि आकारल्यास ती वसूल होते का, हा प्रश्न ग्रामसभेत लेखी विचारून त्याचे लेखी उत्तर अहवालाला जोडावे.