ज्वारीचे पेव : जागा, भरणी आणि उघडणी

रेल्वे आणि मोठ्या बाजारपेठा येण्यापूर्वी मराठवाड्यात सुगीचे धान्य अवर्षणापर्यंत राखण्याचे भरवशाचे साधन म्हणजे जमिनीखालचे पेव. जुना गावगाडा समजून घेणाऱ्याने, किंवा वाड्यातले पेव पुन्हा वापरू पाहणाऱ्याने, त्याची रीत नीट जाणून घ्यावी.

पेव पांढरीतच, म्हणजे गावठाणाच्या जमिनीतच काढावे. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि ओल धरते. गावठाणाची उंच, निचऱ्याची जागा किंवा घट्ट मुरूम मात्र कोरडा राहतो. तोंड माणूस जेमतेम उतरेल इतके अरुंद ठेवून पोट रुंद करावे, आत जाळ करून भिंती सुकवाव्यात, शेणमातीने लिंपून पुन्हा पूर्ण वाळू द्याव्यात.

रब्बीची ज्वारी मळून, उफणून, खळ्यावरच बलुते, म्हणजे गावच्या कारागिरांचा धान्यातला वाटा, मोजून दिल्यावर उरलेली रास भरणीला येई. दाणा दाताखाली कडकन फुटेपर्यंत उन्हात वाळवावा. येथे केलेली घाई पुढे भरून निघत नाही. तळाला आणि भिंतींना कडब्याचा जाड थर द्यावा, पेव तोंडापर्यंत भरावे आणि वर कडबा, दगड व माती घालून लिंपून टाकावे. आतला प्राणवायू धान्याच्या व किड्यांच्या श्वसनाने संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि कीड मरते. बियाणे मात्र पेवात ठेवू नये, कारण उगवणशक्ती घटते. निवडक कणसे घरात कोरड्या जागी टांगावीत. रोजच्या खाण्याची ज्वारी बळदात (घरातल्या धान्यकोठीत) किंवा विणलेल्या कणगीत असे.

पेवे बहुधा पाटील, देशमुख, सावकार यांच्याकडे असत. टंचाईत इतरांना त्यांच्याकडून सवाई-दिढीने धान्य उचलावे लागे, म्हणजे मणाला सव्वा किंवा दीड मण फेडावे लागे. पेवाचा अभ्यास करताना त्याच्या मालकीची चौकशी अवश्य करावी. त्याशिवाय गाव समजत नाही.

उघडणी सर्वांत जोखमीची आहे, आणि याबाबत मी आग्रहाने सांगतो. साठलेला जड वायू तळाशी बसतो व माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. तोंड उघडून पेव बराच काळ मोकळे ठेवावे आणि मग कंदील सोडून पाहावा. ज्योत विझली तर उतरू नये; मात्र ती तेवत राहिली म्हणजे धोका टळला, असेही मानू नये. उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधून वर किमान दोघे उभे राहावेत, आणि आतला माणूस कोसळलाच तर त्याच्या मागे कोणीही उडी न घेता त्याला दोरानेच ओढून काढावे.