पाय जायबंदी असताना इमॅजिकाची सहल कशी करावी

प्लास्टर असो, मुरगळलेला घोटा असो की गुडघ्याचं ऑपरेशन, राइड निवडताना पहिला प्रश्न एकच : ही मध्येच बंद पडली तर खाली कसं उतरणार? रोलर कोस्टरची गाडी चढावर अडकली की माणसांना रुळालगतच्या अरुंद जाळीदार जिन्याने चालत खाली आणतात. कुबड्या घेऊन तिथून उतरता येत नाही. ऑपरेटर प्लास्टर बघून नकार देतो त्याचं एक मोठं कारण हेच, झटके त्याच्यानंतर. त्याच्याशी हुज्जत घालू नका. खोपोली-पाली रस्त्यावरचं, २०१३ साली सुरू झालेलं इमॅजिका हे मनोरंजन पार्क इथे उदाहरणादाखल घेतलं आहे. इतर पार्कांनाही हाच हिशेब लागू पडतो.

१. डॉक्टरांना नेमकं विचारा

"जाऊ का?" म्हणून विचारलंत तर "जपून जा" एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. दुखऱ्या पायावर वजन किती टाकू : अजिबात नाही, नुसता पंजा टेकवायचा, की सोसेल तेवढं? गुडघा किती वाकवू? पाय सलग किती वेळ खाली सोडून बसू? मांडीपर्यंत प्लास्टर असेल तर गुडघा वाकतच नाही, म्हणजे बहुतेक राइडच्या सीटमध्ये बसणं आपोआप बाद.

२. दिवस निवडा

सोमवार ते गुरुवार, शाळा चालू असतानाचा. दिवाळी, नाताळ आणि मे महिना टाळा. पावसाळ्यात गर्दी कमी असते, पण ओल्या फरशीवर कुबडी सटकते. पीओपीचं प्लास्टर भिजलं की मऊ पडतं. फायबरचं टिकतं, मात्र आतला कापूस ओला राहिला तर कातडी सोलवटते.

३. व्हीलचेअर ठरवून ठेवा

कुबड्यांवर घरात छान चालता येतं, म्हणून पार्कातही जमेल असं वाटतं. अर्ध्या तासात तळहात सोलतात. तेव्हा दोन्ही न्या : लांबच्या अंतराला खुर्ची, दोन-चार पावलांना कुबड्या.

आदल्या दिवशी पार्कात फोन करून व्हीलचेअर मिळते का, डिपॉझिट किती आणि पाय आडवा ठेवता येईल असा लेगरेस्ट आहे का, ते विचारा. तसा लेगरेस्ट नसेल तर सर्जिकलच्या दुकानातून भाड्याने घ्या. घडीची साधी खुर्चीही पंधरा-अठरा किलो भरते. गाडीत सीएनजीची टाकी असेल तर खुर्ची डिकीत बहुधा मावणार नाही. आदल्या रात्रीच ठेवून बघा.

कुबडीची उंची तपासा. वरची गादी काखेखाली दोन-तीन बोटं असावी आणि मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं. भार तळहातांवर घ्यायचा. काखेत रेललात तर तिथली नस दबून हाताला मुंग्या येतात. खालचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तर बदला. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय.

४. राइड निवडा

गेटवर आल्या आल्या मदतकक्षात जा. प्रत्येक राइडबद्दल विचारा : पायऱ्या किती, बाहेर पडायचा रस्ता वेगळा आहे का, आणि चढताना गाडी पूर्ण थांबते का? जादा पैशांच्या एक्स्प्रेस तिकिटाने रांग वाचते, पायऱ्या वाचत नाहीत.

नायट्रो सोडाच, त्या कोस्टरच्या सीटला पायाखाली तळच नाही. स्क्रीम मशीन हा मोठा झोका आणि गोल्ड रश एक्स्प्रेस ही कोस्टर, याही सोडाच. डीप स्पेस हे नाव ऐकून तारांगण वाटतं, पण तीही अंधारातली कोस्टरच. राजासॉरसमध्ये बोटीत उतरावं लागतं आणि भिजायला होतं. फसवी म्हणजे आय फॉर इंडिया, मोठ्या पडद्यासमोर लटकत्या सीटवर बसवणारी राइड : झटके जवळपास नाहीत, पण पाय अधांतरी लोंबतात आणि बुटाचं वजन घोट्याला किंवा गुडघ्याला ओढत राहतं. अलीबाबासारख्या इमारतीतल्या संथ राइडबद्दल तिथल्या माणसाला विचारून बघा. मेरी-गो-राउंडवर घोड्याऐवजी बाकडं असेल तर ते घ्या. परेडसाठी आधी जाऊन सावलीतली कडेची जागा धरा, नाहीतर खुर्चीतून पुढच्यांच्या पाठीच दिसतील.

५. खुर्चीतून सीटवर जाताना

पडापड होते ती इथेच. खुर्ची सीटला किंचित तिरपी लावा, चांगला पाय सीटच्या बाजूला येईल अशी. दोन्ही ब्रेक लावा, फूटरेस्ट वर दुमडा. ते विसरलं की माणूस फूटरेस्टवरच उभा राहतो आणि खुर्ची पुढे कलंडते. खुर्चीच्या कडेला सरका, एक हात खुर्चीच्या हातावर आणि दुसरा सीटच्या पक्क्या भागावर. सोबतच्याने काखेत हात घालून उचलू नये, कमरेला धरावं. चांगल्या पायावर उभं राहा, त्याच पायावर वळा आणि मागे सीट लागल्यावरच बसा. उतरताना तीच खुर्ची दुखऱ्या पायाच्या बाजूला येते, तेव्हा ती दुसऱ्या बाजूने लावून घ्या.

तीव्र उतारावर ढकलणाऱ्याने खुर्ची उलटी फिरवून, मागे बघत, सावकाश उतरवावी. सरळ नेली तर बसलेला माणूस पुढे घसरतो.

६. दर तासाला पाय वर

तासाला पंधरा मिनिटं पाय वर ठेवा, शक्यतो आडवं पडून छातीपेक्षा उंच, एरवी समोरच्या खुर्चीवर पिशवी ठेवून. दर वेळी बोटं हलवून बघा. बोटं निळसर किंवा गार पडली, बधिर झाली, किंवा प्लास्टर आवळल्यासारखं दुखून गोळीनेही थांबेना, तर सहल तिथेच थांबवून थेट हॉस्पिटल. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली तरीही तेच; त्यासोबत धाप लागली तर १०८ ला फोन करा. प्लास्टरमध्ये खाज आली म्हणून पट्टी-सुई घालू नका.

७. परतताना

पुढची सीट पूर्ण मागे सरकवा, टाच पिशवीवर टेकवा, बेल्ट लावा. पाय डॅशबोर्डवर कधीच नाही : एअरबॅग उघडली तर तो पायच मोडेल. पुण्याकडे जात असाल तर बोरघाटातल्या कोंडीचा वेळ धरा, म्हणजे रात्रीची औषधं डिकीत न ठेवता हाताशी ठेवायची.