कानाखाली गाठ लागली तर काय करायचं (आणि काय नाही)

कानाखाली गाठ लागली की घरात पहिलं वाक्य ठरलेलं, दुखत नाहीये ना मग जाऊदे. आमच्या मावशीने असंच दीड वर्ष काढलं. कानाखाली लाळेची ग्रंथी असते, पॅरोटिड म्हणतात तिला, आणि लाळेच्या ग्रंथीतल्या गाठी बहुतेकदा दुखतच नाहीत, साध्या असोत की कॅन्सरच्या, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही.

जेवताना फुगते आणि नंतर बसते तर बहुधा लाळेच्या नळीत खडा असतो. पण गाठ तिथेच राहून वाढतेय, त्या बाजूचा डोळा नीट मिटत नाही, तोंड वाकडं होतंय तर थांबू नका, चेहरा हलवणारी नस या पॅरोटिड ग्रंथीतूनच जाते आणि साधी गाठ तिला सहसा धक्का लावत नाही. तसं पॅरोटिडमधल्या १० पैकी साधारण ८ गाठी साध्या निघतात. तोंडात टाळूवरच्या लाळेच्या बारीक ग्रंथींचं मात्र उलटं, ग्रंथी जितकी छोटी तितका कॅन्सरचा धोका जास्त, म्हणून टाळूवर न दुखणारा फुगवटा आला तर कवळी घासली असेल म्हणून सोडू नका.

आधी सोनोग्राफी, मग एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी काढून तपासतात. गाठ खोल असेल किंवा कॅन्सरची शंका असेल तर एमआरआय. सुईला घाबरू नका, घाबरायचं ते "छोटीशी आहे, इथेच काढून टाकू" म्हणणाऱ्याला! प्लिओमॉर्फिक अॅडेनोमा, म्हणजे इथली नेहमीची साधी गाठ, नुसता सोलून काढला, वरचं आवरण फुटलं की वर्षांनी तिथेच चार-पाच गाठी उगवतात आणि दुसऱ्या ऑपरेशनला नस वाचवणं अवघड जातं. ग्रंथीच्या भागासकट काढणारा, हे काम नेहमी करणारा हेड-नेक सर्जन शोधा.

रिपोर्टमध्ये कॅन्सर आला तर स्लाइड्स आणि ब्लॉक्स (मेणात ठेवलेले गाठीचे तुकडे) मागून घ्या आणि परळच्या टाटासारख्या ठिकाणी परत वाचून घ्या, कारण याचे वीसपेक्षा जास्त प्रकार आहेत आणि दिसायला एकमेकांसारखे. त्यातला अॅडेनॉइड सिस्टिक तर भलता चिवट, हळूच नसेच्या कडेने सरकतो, १० वर्षांनीही फुफ्फुसात निघू शकतो, म्हणून ५ वर्षं झाली तरी फॉलोअप सोडायचा नाही. ऑपरेशननंतर बऱ्याचदा रेडिएशन लागतं, केमोचा फारसा उपयोग होत नाही. पसरलेला असेल तर एनटीआरके आणि हर-टू या गाठीच्या पेशींवर करायच्या टेस्टबद्दल विचारा, काही प्रकारांना त्यावरची औषधं लागू पडतात.

आणि हो, ऑपरेशननंतर काही महिन्यांनी जेवताना गालावर घाम आला तर दचकू नका, लाळेच्या तुटलेल्या नसा चुकून घामाच्या ग्रंथींना जोडल्या जातात. फार त्रास झाला तर बोटॉक्स देतात. मावशी मात्र रुमाल घेऊनच जेवायला बसते.