बालगृहात शिकवायला जाताय? आधी या चुका टाळा

जून उजाडला की बालगृहात शिकवायला येऊ पाहणाऱ्यांचे फोन मला सुरू होतात, ऑगस्टमध्ये वाढतात आणि दिवाळीच्या आधी तर विचारूच नका. "मॅडम, रविवारी दोन तास मोटिव्हेशनल सेशन घ्यायचंय. प्रोजेक्टर आहे ना?" मी विचारते, "त्याच्या पुढच्या रविवारी काय?" मग पलीकडून आवाज येत नाही.

बालगृहातल्या मुलांना भाषणं कमी पडत नाहीत. वाढदिवसाचा केक घेऊन येणारा प्रत्येक पाहुणा 'स्वप्नं मोठी बघा' सांगून जातो. मोठी पोरं तर ही भाषणं पाहुण्यांच्या हावभावांसकट करून दाखवतात, आणि झकास करून दाखवतात. कमी पडतो तो गेल्या खेपेला जिथे पान दुमडलं तिथूनच पुढे सुरू करणारा माणूस. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका घाईतून होतात. सेवाभाव सगळ्यांकडे असतो, सवड कुणाकडे नसते.

इयत्ता बघून शिकवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जरा सविस्तर.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ४ प्रमाणे शाळेत कधी न गेलेल्या किंवा शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवतात. तरतूद चांगली आहे. बारा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवणं क्रूरपणाच होता. पण त्याच कलमात मुलाला इतरांच्या बरोबरीला आणण्यासाठी विशेष प्रशिक्षणही सांगितलंय, आणि ते किती मिळतं हे शाळाशाळांवर अवलंबून असतं. मग पोरगा कागदावर सातवीत आणि वाचनात 'कमळ, बदक'वर, असं होतं. त्याला हे पक्कं ठाऊक असतं. ते लपवण्याची कलाही त्याने कमावलेली असते.

एका बालगृहात एक इंजिनिअर मुलगा नववीच्या पोरांना बीजगणित शिकवत होता. माणूस मनापासून शिकवायचा. वह्या दाखवायला माझ्याकडे आला. अक्षर सुरेख, समास आखलेले, प्रत्येक उत्तराखाली दोन रेघा. मी एका पोराला जवळ बोलावून त्याच्याच वहीतलं शाब्दिक उदाहरण वाचायला सांगितलं. त्याने 'एका' वाचलं, 'दुकानात' वाचलं, पुढे 'विक्रेत्याने'वर अडला, क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि उरलेली ओळ घडाघडा म्हणून टाकली. पाठ होती, तीही दुसऱ्याच उदाहरणाची. इंजिनिअरसाहेबांनी तिमाहीभर फळ्यावरून चित्रं उतरवून घेतली होती. चित्रं अक्षरांची होती, एवढंच.

त्याला राग आला तो पोरांचा. "मला सांगितलं का नाही?" अहो, चारचौघांत कोण सांगेल?

म्हणून पहिला दिवस मी शिकवण्यात घालवतच नाही. एकेका मुलाला कोपऱ्यात घेऊन बसायचं. अक्षरं, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, या क्रमाने वाचून घ्यायचं. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' नावाच्या, मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या पाहणीत हीच उतरंड वापरतात, कागद सहज मिळतो. एका मुलाला पाच मिनिटंही लागत नाहीत. मग गट पाडायचे ते वाचनावरून. नववीतला आणि चौथीतला एका गटात आले तर नववीतल्याच्या हातात चौथीचं पुस्तक मात्र द्यायचं नाही. मिसरूड फुटलेल्या मुलाला बदकाच्या पिल्लाची गोष्ट दिली की दुसऱ्या दिवशी त्याचं पोट दुखतं. माझ्या पिशवीत वर्तमानपत्राची क्रीडा पानं असतात, एसटीचं वेळापत्रक असतं, औषधाची रिकामी खोकी असतात. र-चे सगळे अवतार 'ट्रक, क्रिकेट, सर्कस, दुसऱ्या' एवढ्यात येतात आणि 'सूर्य'ला 'सुरय' वाचणारा पोरगा 'सर्कस' दोन दिवसांत बरोबर वाचायला लागतो, कारण त्या शब्दात त्याला रस असतो.

गणितात उलटी गंमत. स्टेशनवर पाण्याच्या बाटल्या विकलेला मुलगा ५०० च्या नोटेतून १३५ गेले तर किती परत द्यायचे ते तुमच्या आधी सांगतो: पाच दिले की एकशे चाळीस, साठ दिले की दोनशे, वर तीनशे; झाले तीनशे पासष्ट. हीच वजाबाकी उभी मांडून द्या, दोन शून्यं बघून हातचा कुठून आणायचा ते कळत नाही आणि उत्तर ४३५ येतं. त्याला 'गणित कच्चं' म्हणणाऱ्या शिक्षकांचं मला नवल वाटतं. आधी तो तोंडी करतो तसं कागदावर लिहून घ्या, हातचा नंतर.

चॉकलेटचा दर लावणं

'पाढा म्हणा, चॉकलेट मिळवा.' आयटीतला एक भला तरुण शनिवार-शनिवार येऊन हे करायचा. पहिले काही आठवडे हॉल ओसंडून वाहिला, पाढे दणाणले, त्याने खुशीत मला फोन केला. मी म्हटलं, जरा थांब.

मग काळजीवाहक मावशींना एका मोठ्या मुलाच्या गादीखाली चॉकलेटच्या चांद्यांचा ढीग सापडला. चौकशीत सगळं बाहेर आलं. लहान पोरं पाढे म्हणायची, रात्री दिवे मालवल्यावर चॉकलेटं मोठ्यांकडे जमा व्हायची. न देणाऱ्याची सकाळी आंघोळीच्या रांगेत शेवटची जागा. म्हणजे या तरुणाने अभ्यासाला बक्षीस लावलं आणि वसतिखोलीत हप्ता सुरू झाला. ज्यांना पाढे येत नव्हते त्यांनी वर्गाला येणंच सोडलं, कारण दर शनिवारी सगळ्यांसमोर रिकाम्या हाताने परतणं कुणाला आवडतं? आणि पाढ्यांचं म्हणाल तर सात आठे विचारलं की पोरगा 'सात एके सात'पासून सुरू करायचा. चॉकलेट अख्ख्या पाढ्याला होतं, त्याने अख्खा पाढाच पाठ केला. त्याचं काय चुकलं?

तरुणाने चॉकलेटं बंद केली त्या शनिवारी हॉल निम्मा झाला, पुढच्या शनिवारी तीन टाळकी. मग त्याचाही उत्साह मावळला.

माझा नियम साधा आहे: खिशात घालता येईल असं काही कुणा एकाला द्यायचं नाही. खाऊ आणायचा तर सगळ्यांना, अधीक्षकांना सांगून, आणि अभ्यासाशी त्याचा संबंध न लावता. ज्याचं काम चांगलं झालं त्याला जबाबदारी द्यायची: हजेरीची वही सांभाळणं, घड्याळ बघून वर्ग सुटल्याचं सांगणं, शेवटच्या दहा मिनिटांचा खेळ निवडणं. लहानग्याला वाचून दाखवण्याचं काम तर भल्याभल्या दांडगोबांना सुधारतं. दुसऱ्याला शिकवायचं म्हणून पोरगा गुपचूप तो धडा आदल्या दिवशी घोकून येतो. शाबासकी द्यायची तर नेमकी द्या. 'हुशार आहेस'ने काही होत नाही. 'परवा हातचा विसरत होतास, आज तिन्ही गणितांत लिहिलास,' हे मात्र त्याच्या लक्षात राहतं, कारण कुणीतरी परवाचं लक्षात ठेवलेलं असतं.

'माझी आई'वर निबंध

शिकवायला नव्याने येणाऱ्याच्या डोक्यात पहिला विषय हाच येतो. दुसरा 'दिवाळीची सुटी मी कशी घालवली', तिसरा वंशवृक्षाचं चित्र. कृपा करा. 'आमचं स्वयंपाकघर', 'पावसात न वाळणारे कपडे', 'आमच्या टीमचा कॅप्टन कोण असावा' असे विषय द्या, पानं भरतील.

परीक्षेत मात्र आईवर निबंध येऊ शकतो, म्हणून तयारी लागतेच. तेव्हा मी मुलांना स्पष्ट सांगते की निबंध म्हणजे काही शपथपत्र नव्हे, मनाने रचून लिहिला तरी मार्क तेवढेच मिळतात. अर्धी पोरं मोकळी होतात.

आणि सगळे अनाथ आहेत असं धरून चालू नका. अनेकांची आई असते, बाप असतो. कुणाचा तुरुंगात, कुणी आजारी, कुणाची आई धुणीभांडी करते आणि रात्री मुलाला ठेवायला जागा नाही म्हणून बालकल्याण समितीने (मुलाला कुठे ठेवायचं ते ठरवणारी सरकारी समिती) इथे पाठवलेलं. भेटीच्या दिवशी आई येऊन गेली, किंवा येणार होती आणि आली नाही, त्या संध्याकाळी अपूर्णांक काढू नका. कॅरम काढा. समितीपुढे तारीख असते त्या आठवड्यातही हेच. 'लक्ष नाही, मोटिव्हेशन नाही' अशी तक्रार माझ्याकडे आली की मी आधी भेटीची वही बघते.

'तू इथे कसा आलास?'

विचारू नका. पोलिसांना, समितीला, परिविक्षा अधिकाऱ्याला, समुपदेशकाला सांगून झालंय, तुम्हाला ऐकून काय करायचंय? स्वतःहून सांगितलं तर ऐका. पण 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द देऊ नका. त्रासाची गोष्ट असेल तर अधीक्षक किंवा समुपदेशकांपर्यंत न्यावी लागते. तक्रार बालगृहाबद्दलच असेल तर बालकल्याण समिती आहे, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'मी तर फक्त इंग्रजी शिकवायला येतो' हे तिथे चालत नाही.

फोटो

बाल न्याय अधिनियम, २०१५, कलम ७४: मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चेहऱ्यावर हसरा इमोजी चिकटवला आणि खाली गणवेशावर शाळेचं नाव तसंच, हेही पाहिलंय. फोन बाहेर ठेवून या.

आणखी काही, थोडक्यात

'पुढच्या रविवारी नक्की' म्हणू नका. येणार असाल तर या, नाहीतर 'बघतो' एवढंच म्हणा. मुलं तारखा विसरत नाहीत.

काळजीवाहकांना शहाणपण शिकवू नका. रात्री दोनला ताप आलेल्या पोराजवळ तुम्ही नसता. वर्गाची वेळ त्यांना विचारून ठरवा. जेवणाच्या घंटेआधीची वीस मिनिटं ही शिकवायची वेळच नव्हे.

एकाच लाडक्या पोराला वही, पेन, शर्ट आणू नका. रात्री काय होतं ते वर वाचलंच आहे.

घरी मुलं मराठी बोलत होती असं गृहीत धरू नका. पारधी, गोरमाटी (बंजाऱ्यांची बोली), हिंदी, तेलुगू बोलणारी असतात, आणि 'येत नाही' व 'कळलं नाही' यातला फरक शिकवणाऱ्यालाच ओळखावा लागतो.

पहिल्याच महिन्यात स्पोकन इंग्लिश नको. पोरं 'माय नेम इज' पाठ म्हणतात, पाहुणे टाळ्या वाजवतात आणि मराठी पाटी अजून वाचता येत नसते. पाहुण्यांना दाखवायला सोपं म्हणून हा शॉर्टकट लोकप्रिय आहे, दुसरं कारण नाही.

सतरा वर्षांच्या मुलाला 'कलेक्टर हो' सांगणं

अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडावं लागतं. या वयाच्या मुलाच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, मी राहणार कुठे? त्याच्यासमोर यशोगाथा सांगत बसणाऱ्याला तो मनात काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याच्याबरोबर बसून कागद बघा. आधारवरची जन्मतारीख आणि शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख जुळते का? बँकेचं खातं त्याला स्वतःला चालवता येतं का? पुढे २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणगृहाची (बालगृह सोडलेल्यांना राहायला जागा) सोय होऊ शकते, ती त्याला कुणी सांगितली आहे का? दहावी राहिली असेल तर बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आहे, मुक्त विद्यालय आहे; आयटीआयचे काही ट्रेड आठवीवरही मिळतात. आई-वडील दोघंही नसतील तर महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र काढायला घ्या, कारण २०१८ पासून राज्यात शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण आहे आणि ते प्रमाणपत्राशिवाय मिळत नाही. हे काम अठराव्या वाढदिवसाच्या आठवड्यात होत नाही. दहावीच्या वर्षातच सुरू करायचं. ज्या मुलाच्या फाइलमध्ये हे कागद लागलेले असतात तो अभ्यासालाही बसतो, हा माझा अनुभव.

न सांगता बंद होणं

नोकरी बदलते, लग्न ठरतं, कंटाळाही येतो. त्यात गैर काही नाही. पण शेवटचा वर्ग कधी हे निदान महिनाभर आधी सांगा, आणि कारण खरं सांगा. 'परत येईन' ही पुडी सोडू नका. आपल्या जागी कोण येणार ते आधी ठरवा, त्याला दोन-तीन वर्गांना बरोबर बसवा आणि कोण कुठल्या गटात, कुणाचं कुठलं पान चालू आहे, कोण कशाला घाबरतो हे लिहिलेली वही त्याच्या हातात द्या. वहीत पोरांची आडनावं आणि घरची माहिती नको, आणि ती वही बालगृहातच राहू द्या.